सुगंधाबाईची बडगी

मित्रांनो, मी पारोळ्याची एक जुनी बडगी. बडगी म्हणजे वांग्याचे भरीत ठेचायचे लाकडी भांडे. आधीच सांगून टाकते, मी रडगाणे गायला आलेली नाही. इतकी वर्षे पोटात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घेतल्यावर स्वभाव तिखट होणारच.

एक्क्याऐंशी साली तोताराम मिस्त्रींनी मला घडवले. बांधावरच्या बाभळीचा ओंडका त्यांनी वर्षभर सावलीत वाळवला आणि मग नऊ दिवस पटाशीने कोरत बसले. काचेच्या तुकड्याने आतून खरवडायचे, डोळे मिटून तळहात फिरवायचा, कुठे कुसळ लागले की पुन्हा खरवडायचे. सुगंधाबाई रोज येऊन विचारायची, "मिस्तरी, व्हयनी का?" ते मान वर न करता म्हणायचे, "व्हई तव्हय व्हई."

सुगंधाबाई आणि तिचा नवरा झिपरू यांचा संसार एका खोलीत मावत होता. एक खाट, एक चूल, चार ताटे. हिवाळ्यात ते दारापुढे भरीत-भाकरी विकत. झिपरू पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायचा आणि ती माझ्यात ठेचायची. वांग्याचा लगदा होता कामा नये, बीही चिरडता कामा नये, असा तिचा हात. दिवसाला दोन बडग्या भरीत. मग ती "संपनं" म्हणायची आणि मला धुवायला घ्यायची. माणसे परत जात, पण त्याचे तिला वाईट वाटत नसे. मलाही नाही.

त्र्याण्णव साली हमरस्त्यावर नवे हॉटेल काढलेले रुपचंदशेठ आले. जेवले, बोटे चाटली आणि म्हणाले, "अक्का, माझ्याकडे या. मोठा मिक्सर आणलाय. दिवसाला पाचशे ताटं काढू."

"मिक्सर भरीत करत नई, लेप करस," झिपरू पुटपुटला.

"बठ्ठं शे मनाकडे, शेठ," सुगंधाबाई म्हणाली, म्हणजे सगळे आहे तिच्याकडे, आणि तिने पुढची मिरची माझ्यात टाकली.

शेठ हसत गेले. पंधरा दिवसांनी आमचे नेहमीचे गिऱ्हाईक पितांबर गुरुजी हळूच म्हणाले, "अक्का, काल हमरस्त्यावरच्या तुमच्या हॉटेलात खाल्लं. पाटीवर तुमचं नाव होतं म्हणून गेलो. हात थकला का हो?"

सुगंधाबाईचा हात तिथेच थांबला. शेतीवाडी नाही, शिक्षण नाही; बारा वर्षांत तिने कमावले होते ते तिचे नाव. तेच शेठने न विचारता उचलले होते. मला इतका संताप आला की पाय असते तर मीच आधी निघाले असते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर मला घेतले आणि हमरस्ता गाठला. मागे झिपरू, भाजलेल्या वांग्यांची टोपली घेऊन. हॉटेलच्या दारात 'सुगंधाबाईचे प्रसिद्ध भरीत' अशी हातभर पाटी होती. तिच्याखालीच तिने बैठक मारली आणि ठेचायला लागली. त्या दिवशी मी अशी काही घुमले की ट्रकवाले जेवण सोडून बाहेर आले. तिने प्रत्येकाच्या हातावर घासभर भरीत ठेवले. एकाने ते खाल्ले, आत गेला आणि आपले अर्धे ताट उचलून गल्ल्यावर ठेवून आला.

शेठ धावत आले. "अक्का, हा काय तमाशा?"

"हाई मनं नाव शे. खाले काढा."

"पारोळ्यात तुम्ही एकट्याच सुगंधाबाई आहात का? दहा असतील."

"मंग त्यासपैकी एक लई या, आनी भरीत ठेचाले बसाडा."

ट्रकवाले खो खो हसले. शेठने पोराला रंगाऱ्याकडे पिटाळले. तासाभरात रंगारी आला आणि त्याने पाटीवरचे 'सुगंधाबाईचे' पुसून टाकले. तोवर ती जागची हलली नाही. मग उठली आणि शांतपणे म्हणाली, "आते तुमनं भरीत, तुमनं नाव. ईका."

मित्रांनो, आता मला एक बारीक चीर गेली आहे. सुगंधाबाई त्या चिरेला तेल पाजते आणि मी अजून दिवसाला दोन बडग्या भरीत देते. तिसरी देणार नाही. मला जपा, असे मी तुम्हाला विनवणार नाही. घरात मिक्सर घ्या, हवा तेवढा मोठा घ्या. फक्त ज्या कामाला आमचा हात लागला नाही, त्यावर आमचे नाव लावू नका.