गसची शिकवणी

आजचे डिटेक्टिव्हकथावाले चोरांची बोली घरबसल्या लिहितात. १९३४ साली मी ती चोराकडून शिकायला लागलो. दुसऱ्यांच्या कथा मी वाचतच नसे, मला अस्सल माल हवा होता. लॉस एंजेलिसच्या एका खाणावळीत गस हॅनराटी हा म्हातारा तिजोरीफोड्या रोज सकाळी कॉफी पीत मला शब्द सांगायचा. पिस्तुलाला शेगडी, तुरुंगाला मोठं घर. मी वह्या भरायचो.

एकदा मी विचारलं, "गस, तुझ्या टोळीत आणखी काय काय म्हणायचे रे?"

"कप्पाळ. आम्ही पिस्तुलाला पिस्तूलच म्हणायचो लेका. हे सगळं मी तुरुंगात डिटेक्टिव्हकथांच्या मासिकांत वाचलं."

मी भडकलो. "मग दोन वर्षं मला का बनवलंस?"

"नाहीतर तू कशाला आला असतास?"

दुसऱ्या दिवशी मी वही घरी ठेवून गेलो. गस होता तोवर रोज गेलो.