वाजणारा मीटर

"स्क्रीनबिन मला नको," वायरमनदादांनी दुकानदाराला बजावलं. "तारेत करंट असला की मीटर ठणाणा वाजला पाहिजे. माझे डोळे तारेवर असतात आणि कान मीटरवर. तीस वर्षं असंच काम केलंय." जुन्या मीटरचा आवाज हल्ली बसला होता, म्हणून तर ते नवा घ्यायला आले होते.

दुकानदाराने एक मीटर चालू बोर्डाजवळ धरला. दादांनी नाक मुरडलं. त्याने दुसरा धरला. "हाही मुकाच की! काय भंगार विकता हो?" तिसरा धरला, तेव्हा मागे बल्ब बघत उभ्या असलेल्या बाईंनी कानांवर हात ठेवले.

"दादा," दुकानदार त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "तिन्ही वाजले."

दादा हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. सकाळी गिरणीतल्या बोर्डाला त्यांनी जुना मीटर लावून पाहिला होता. तो वाजला नाही, म्हणून "बिनधास्त हात घाल" असं मेहुण्याला सांगून ते इकडे आले होते.

त्यांनी घाईघाईने मेहुण्याला फोन लावला आणि कानाशी घट्ट दाबून धरला. पलीकडे नुसती रिंग वाजतेय की कुणी ओरडतंय, तेच त्यांना कळेना.