कापायची राहिलेली पानं

समीक्षक झेनोन ओर्विच यांनी लेओकादियाच्या पहिल्या कादंबरीवर लिहिलेला परिच्छेद तिला तोंडपाठ होता. शाळेत मुलींच्या वह्या तपासताना, मोजे रफू करताना, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावरसुद्धा तो आठवायचा. 'बाईच्या लेखणीला आसवांचीच शाई लागते. इथेही नायिका शेवटी प्रियकराच्या खांद्यावर मान टाकून रडते आणि तिच्याबरोबर लेखिकाही. पुरुष वाचकाने छत्री घेऊनच बसावं.' अख्खं क्राकुफ शहर त्या छत्रीवर पोट धरून हसलं होतं.

तिच्या त्या कादंबरीत, 'तीन भट्ट्या'मध्ये, प्रियकर नव्हताच. फ्रांचिश्का नावाची एक विधवा होती, तिची वीटभट्टी होती, आणि तिच्यावर हात टाकणारा मुकादम होता. रडत तर कोणीच नव्हतं. तरी लेओकादियाला वाटत राहिलं, आपल्याच लिहिण्यात कुठेतरी रडं उतरलं असेल. एवढा मोठा माणूस उगाच कसं लिहील? बाईला आधी स्वतःचीच चूक शोधायची सवय लावलेली असते.

आता तिची दुसरी कादंबरी लिहून तयार होती आणि प्रकाशक सेवेरिन होलेवा त्या बाडाला हात लावत नव्हते.

"ओर्विचांनी एक बरा शब्द टाकला तर छापतो," ते म्हणाले. "नाहीतर नाही. हे बघा बाई, शनिवारी त्यांच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे त्यांचा नामदिन आहे. नामदिनाला काही बोलावणं लागत नाही, दार सगळ्यांना उघडं असतं. काहीतरी भेट घेऊन जा, दोन शब्द गोड बोला. तुम्हा बायकांना जमतं ते."

गरजवंताला अक्कल नसते. गोड बोलायचं ठरवूनच ती भेट शोधायला नातान फिशलरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेली. तिथे फळीवर तिला 'तीन भट्ट्या' दिसली. आत तिच्याच हातची अर्पणाची ओळ होती. 'आदरणीय ओर्विच यांस, आपल्या न्यायाची वाट पाहणारी लेओकादिया.'

"ओर्विचसाहेबांची मोलकरीण पोतं भरून आणते," फिशलर म्हणाला. "बायकांची पुस्तकं तर अगदी करकरीत असतात. घ्या बाई, कोणी बोटही लावलेलं नाही."

तिने पान उलटलं. पहिली काही पानं सुटी होती. पुढची सगळी कडेला एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. वाचणाऱ्याने ती चाकूने कापून घ्यायची असत; यांना चाकू लागलाच नव्हता. चाकूने कापल्याशिवाय वाचायची तरी कशी?

लेओकादिया पायापासून डोक्यापर्यंत पेटली. दोन वर्षं! दोन वर्षं ती स्वतःलाच कोसत होती, आणि या माणसाने पुस्तक उघडलंही नव्हतं.

"कागदात बांधून द्या," ती म्हणाली. "वर लाल फीत लावा."

शनिवारी ओर्विचांची बैठकीची खोली माणसांनी गच्च भरली होती. खारवलेला हेरिंग मासा संपत आला होता, खसखशीचा केक फिरत होता, चेरीच्या दारूने गाल लाल झाले होते. ओर्विचांनी वाकून लेओकादियाच्या हाताचं चुंबन घेतलं. ज्यांची पुस्तकं ते उघडत नसत, त्या सगळ्या बायकांच्या हातांचं चुंबन ते घेत.

"अहो, छत्रीवाल्या बाई! राग गेला म्हणायचा तर."

"राग कसला? भेट आणलीय. सगळ्यांसमोर उघडा ना."

त्यांनी फीत सोडली. पुस्तक बघून हसले, आत अर्पणाची ओळ बघितली आणि हसू आवरलं.

"तुमचीच प्रत आहे," लेओकादिया मोठ्याने म्हणाली. "फिशलरकडे पडली होती. आमची नायिका ज्या प्रियकराच्या खांद्यावर रडते ना, तेवढं पान वाचून दाखवा. मी लिहिलं खरं, पण मला काही ते सापडत नाही." तिने पर्समधून कागद कापायचा चाकू काढून पुढे धरला. "हा घ्या. तुमच्या घरात नसेल."

कोणीतरी फिस्सकन हसलं. चाकू न घेणं म्हणजे कबुली देणं. ओर्विचांनी तो घेतला. पानाची कड वेडीवाकडी फाटली.

"अगदी शेवटचं प्रकरण उघडा," ती म्हणाली.

ते वाचू लागले. "'आत जाऊन बघा तरी, वीट भाजली का,' फ्रांचिश्का म्हणाली. मुकादम वाकून विझलेल्या भट्टीत शिरला. तिने बाहेरची पहिली वीट उचलली, तिला चिखल फासला आणि दारात बसवली. मग दुसरी..." पुढचं पान जोडलेलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "पुरे. चेष्टा झाली."

"पुरे काय?" चहाच्या किटलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, होनोराताने विचारलं. "दार बंद केलं का तिने?"

"होनोराता, आत्ता नको."

"इकडे आण तो चाकू," ती म्हणाली.

लेओकादिया बाहेर येऊन कोट घालू लागली. पाहुण्यांत बसलेले होलेवाही आपला कोट उचलून धापा टाकत मागोमाग आले. "काय केलंत हे? त्यांच्या घरात, त्यांच्या नामदिनाला! आता या गावात तुमची ओळसुद्धा छापून येणार नाही."

"तुमच्याकडून तर नाहीच. दुसरी कादंबरी मी तुम्हाला देणारच नाही."

आतून कागद कापल्याचा आवाज आला, पाठोपाठ होनोराताचा वाचण्याचा आवाज. कोणीतरी "हळू वाचा, नीट ऐकू द्या" म्हणालं. कोट घालता घालता होलेवांचा एक हात बाहीत तसाच राहिला. ते कान देऊन ऐकत होते, पण दारामुळे शब्द कळत नव्हते.

"बाई," त्यांनी शेवटी विचारलं, "तो मुकादम सुटतो का हो?"

लेओकादियाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, सूड एकाच माणसावर उगवायचाय.

"तुम्हीच छापलंय ते, होलेवासाहेब," ती म्हणाली. "गोदामात प्रती पडल्या असतील. चाकू घेऊन बसा."