काल कापली, आज कापते, उद्या कापीन

बेचाळीस सालच्या भादव्यात पाचोऱ्याच्या अलीकडे आगगाडीच्या कडेच्या तारा दोनदा तुटल्या, आणि अभिमन पाटलांची झोप उडाली. गावची पोलीस पाटीलकी त्यांच्याकडे. फौजदार येऊन बजावून गेला होता, "तारा कापणारा तुमच्याच गावचा आहे. नाव द्या, नाहीतर पाटीलकी ठेवा खाली." तेव्हापासून पाटलांना जो तो चोर दिसू लागला. ज्याच्या हातात विळा तो चोर, आणि ज्याच्या हातात काहीच नाही तो तर पक्का!

अशात एके सकाळी अंगणात एक कागद सापडला. सून कमलबाई गोधड्या झटकत होती, त्यातूनच तो पडला असावा. त्यावर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं होती. पाटलांना मराठी वाचता येई, इंग्रजीचा मात्र गंध नव्हता. तरी घरात इंग्रजी कागद, तोही लपवलेला! त्यांचा मुलगा धनसिंग तापाने जाऊन दोन वर्षं झाली होती. या विधवा पोरीला इंग्रजीत लिहिणारं कोण भेटलं?  कागद बंडीच्या खिशात घालून पाटील पाचोऱ्याला अर्जनवीस रतिलालकडे गेले.

रतिलालने चष्मा पुसला, कागद वाचला, आणि त्याचा आवाज खाली आला.

"पाटील, हे कुठं मिळालं?"

"रस्त्यावर. काय आहे ते सांग."

"यस्टर्डे आय कट द कॉर्ड. टुडे आय कट द कॉर्ड. टुमॉरो आय शॅल कट द कॉर्ड. म्हणजे, काल कापली, आज कापतो, उद्या कापीन."

"काय कापीन?"

"कॉर्ड म्हणजे दोर... तार... असंच काहीतरी."

 पाटील कागद जवळजवळ हिसकावून उठले. रतिलाल मागून बघत राहिला, आणि त्याचं ते बघणंही त्यांना आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमलबाई म्हणाली, "आबा, पाचोऱ्याला मावशीकडे जाऊन येते." एरवी पाटलांनी मान हलवली असती. आज त्यांच्या कानात 'टुमॉरो' वाजत होतं. ती निघाली तसे तेही निघाले, ज्वारीच्या आडोशाने, हातभर अंतर राखून नव्हे तर चांगलं शेतभर. फाटकापाशी ती थांबली. पाटलांनी तारांकडे पाहिलं. मालगाडी गेली, ती रूळ ओलांडून सरळ चालू लागली. मावशीचं घर मागे पडलं तरी ती वळली नाही. शिरली ती दवाखान्यात.

पाटील दाराशी ताटकळले. आत एक बाई विव्हळत होती. बराच वेळ गेला. मग तान्ह्या लेकराचा टाहो ऐकू आला, आणि थोड्या वेळाने कमलबाई बाहेर आली. कोपरापर्यंत हात धुतलेले, कपाळ घामेजलेलं. सासऱ्याला पाहून ती जागीच थिजली.

पाटलांनी कागद पुढे धरला. "हाऊ कागद कोना शे?"

"मना शे, आबा."

"तू तारा कापस?"

तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तार नही आबा, नाळ शे. पोरगं जन्मनं का कापतस ना, ती."

दवाखान्यातली नर्स शेवंताबाई तिला चार महिन्यांपासून शिकवत होती. धुळ्याला नर्सचं शिक्षण मिळे, पण थोडं इंग्रजी लागे. म्हणून रोज एक क्रियापद आणि त्याची वाक्यं.

"मंग माले काबर सांगं नही?"

"सांगतू तर तुम्ही जाऊ देतात का?"



दोघं घरी पोचले तर फौजदार ओट्यावर बसलेला. रतिलालने खबर दिलीच होती. कागद आपला आहे आणि त्यातली 'कॉर्ड' म्हणजे नाळ, हे कमलबाईनेच सांगितलं; फौजदाराने तो वाचला. "तारेला वायर म्हणतात, एवढं मला कळतं. पण ही सांकेतिक भाषा नसेल कशावरून? आणि काल काय, आज काय, दोन्हीकडे 'कट'? काल असेल तर 'कटेड' पाहिजे. बाई, हे कुणीतरी तुला लिहून दिलंय."

कमलबाई पदर सावरून म्हणाली, "नाही साहेब. 'कट'ला 'कटेड' होत नाही. नर्स रोज नाळ कापते, तर 'द नर्स कट्स'. काल कापली, तरी 'द नर्स कट'. कापून झाली, तर 'हॅज कट'. शब्द तोच राहतो, काळ बाजूच्या शब्दावरून ओळखायचा."

 फौजदाराने खिशातून स्वतःचा इंग्रजी अहवाल काढला, पेन्सिलीने त्यात एक शब्द खोडला, आणखी पुढे दोन ठिकाणी खोडला. कागद मात्र त्याने परत दिला नाही. "चौकशी करीन," म्हणाला आणि घोड्यावर बसला.

त्याची धूळ खाली बसेपर्यंत पाटील ओट्यावरच होते. सुनेवर संशय घेतला, तिच्यामागे चोरासारखे फिरले, आणि फौजदारासमोर मान वर ठेवली ती तिनेच. त्यांचा चेहरा उतरला होता.

"धुळ्याले कवय जानं पडी?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर."

"मी पोहोचाडाले येसू." मग म्हणाले, "तू चालजो. मी मांगे नही, संगे चालसू."