बावीस अंश

मिस्त्रीला पोहता येत नव्हतं. तीस वर्षं तो लोकांच्या पोहण्याच्या तलावांचे पाइप जोडत आला, पण गुडघ्याच्या वर कधी भिजला नव्हता. या घरातल्या सरांनी उभा जन्म पोरांना पोहायला शिकवण्यात घालवलेला. त्यांनी पहिल्याच भेटीत त्याला "घाबरट" ही पदवी देऊन टाकली आणि तेव्हापासून दोघांचं छान गूळपीठ जमलं.

सरांना नसांचा आजार होता. उकाडा वाढला की पाय लुळे पडत, गार पाण्यात उतरले की पुन्हा उभे राहत. यंदा मात्र मागच्या अंगणातल्या तलावाचं पाणीच तेहतीस अंशांवर गेलं, म्हणून त्यांच्या पत्नीने, ताईंनी, पाणी थंड करणारं चिलर मागवलं. पहिल्या दिवशी सर काठी टेकत पंपापर्यंत आले आणि कोणता पाइप कुठून जाणार ते उभ्याउभ्याच समजून घेतलं.

"आवाज यांच्या खोलीपर्यंत येता कामा नये," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पंपघरामागची बोळकांडी दाखवली. दोन बाजूंना भिंती, वर पत्रा.

चिलरचा पंखा गरम हवा फेकतो, तिला जायला वाट लागते. मिस्त्रीला हे पाठ होतं. "ताई, इथे हवा कोंडेल," तो एकदाच म्हणाला.

"बघा ना, काही जमतंय का. त्यांना आधीच झोप लागत नाही हो."

मिस्त्रीने मान डोलावली. मालकिणीशी हुज्जत घालायची नाही हा त्याचा बाणा होता आणि त्यावरच त्याला कामं मिळत. फिल्टरच्या पुढून त्याने पाणी चिलरकडे वळवलं, परत आणून मूळ पाइपला जोडलं, तीन व्हॉल्व्ह बसवले. एक थेंब गळेल तर शपथ. चौथ्या दिवशी स्वतःचीच गरम हवा खाऊन चिलरने मान टाकली. कॉम्प्रेसर जळाला.

नवा यायला अठरा दिवस लागले. तोवर मिस्त्रीने अंगणात उघड्यावर ओटा बांधला, सगळे पाइप उखडून नव्याने टाकले. खिडकीत सर दिसत. आधी काठीवर, मग वॉकर धरून, मग खुर्चीत. ते हात हलवत आणि मिस्त्री खाली मान घालून पाइप कापत राही. एकदाच तोंड उघडलं, दुसऱ्यांदा का नाही उघडलं, हे त्याला आतून कुरतडत होतं. ताईंनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

शेवटी चिलर सुरू झालं. तीन दिवसांनी सकाळी थर्मामीटरवर बावीस अंश दिसले आणि ताईंनी खुर्ची काठाशी आणली. सरांना एकट्या ताईंच्याने धरवेना, म्हणून मिस्त्रीही कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पहिल्यांदाच कमरेपर्यंत. गारठ्याने त्याचे दात वाजू लागले. दोघांनी सरांना पायरीवर टेकवलं, पाणी त्यांच्या मांड्यांवर आलं. सरांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला आणि वाट पाहिली.

पाय हलले नाहीत.

"मिस्त्री," सर म्हणाले, "पाणी काही अजून गार झालेलं नाही."

ताईंनी चटकन तोंड फिरवलं. मिस्त्रीच्या स्वतःच्या पायांची बोटं गारठून बधिर झाली होती.

"नाही झालं, सर," तो म्हणाला. "एक-दोन दिवस लागतील."

"मग थरथरताय कशाला एवढे? घाबरट ते घाबरटच!" सर खळखळून हसले. "थांबा, बघू तरी किती कोमट आहे."

त्यांनी उजवा हात कठड्यावरून काढला आणि पाण्याकडे नेला. मिस्त्रीने तो मधल्यामध्ये आपल्या दोन्ही हातांत पकडला आणि सोडलाच नाही.