हाविससाठी घंटा

राजाचं आणि पोपचं फाटलं. कँटरबरीचा मोठा बिशप कोणी नेमायचा, यावरून. पोप म्हणतो मी, राजा म्हणतो माझ्या राज्यात मी. मग पोपनं अख्ख्या इंग्लंडातली चर्चं बंद केली. मिस्सा म्हणजे चर्चमधली पूजा नाही, घंटा नाही, मेलेल्या माणसाला चर्चच्या आवारात जागा नाही.

त्याच हिवाळ्यात आई गेली.

बाबा आमच्या गावचे पाद्री. पाद्र्यानं बायको करू नये असं पोप म्हणतो, पण आमच्याकडं सगळेच पाद्री घरात बाई ठेवतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आईला आम्ही कुंपणाबाहेर, ओढ्याकाठी पुरलं. मी म्हणाले, "निदान घंटेचा एक टोला तरी द्या." बाबा म्हणाले, "पोपची आज्ञा आहे, सिसली. मोडली तर नरकात जाईन मी."

उन्हाळ्यात बाबांनी हाविस नावाची बाई घरात आणली. आईच्या जागेवर बसायला लागली. पावाचा वरचा खरपूस भाग बाबांनी आईला कधी दिला नाही, स्वतः खायचे. हिला कापून देतात. ती जेवताना गुणगुणते आणि बाबा घास चावायचं विसरून ऐकत बसतात. नन्सच्या मठातल्या शाळेतून मला हाकललं, तेव्हा माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

काल राजाचे शिपाई आले. पोपचं ऐकणाऱ्या पाद्र्यांच्या बाया उचला, असा हुकूम. हाविसला गाडीत घातलं. त्यांचा नायक दात काढत म्हणाला, "फादर, सांगा की पोपला, सोडवायला ये म्हणून. नाहीतर उद्या घंटा वाजवून मिस्सा करा. घंटा कानावर आली की बाई परत."

सकाळी बाबा चर्चकडं निघाले. मी आधीच घंटेच्या मनोऱ्याच्या दारात पाय पसरून बसले होते.

"ऊठ."

"नरकात जाणार होतात ना?"

"सिसली, ती त्या शिपायांच्यात आहे गं."

"आई ओढ्याकाठी आहे."

"घंटा वाजवून तुझी आई परत आली नसती. ही येईल."

हे खरं होतं, म्हणून तर माझं डोकं जास्तच फिरलं. "मग आधी आईसाठी वाजवा," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाची वाजवतात तशी, सावकाश. आणि तिला उकरून आवारात आणा. आजच. तरच उठते."

वाटलं, आता घाबरतील, पोपचं नाव काढतील. पोपपुढं त्यांना कुणीच मोठं नाही, ना आई, ना मी, एवढ्यावरच तर मी दिवस काढले होते.

"आणतो," बाबा म्हणाले. "तू म्हणशील ते सगळं करतो. तू फक्त बाजूला हो."

एवढ्या पटकन.

मी उठले. बाबांनी दोर धरला आणि आईसाठी घंटा वाजवली, अगदी सावकाश, मी सांगितली तशी. आणि प्रत्येक टोल्याला मान वळवून रस्त्याकडं बघत होते.