गोड लागणारी गोळी

जळगाव जामोदच्या बाहेरच्या वृद्धाश्रमात झुंबरबाई आणि सत्यभामाबाई यांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. झुंबरबाईंचा कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी दुखण्यावर कडक गोळी लिहून दिली होती आणि महिनाभर तिनं आरामही पडला. पण गेला आठवडाभर बाई उशी दातांत धरून कण्हत होत्या. ते ऐकून सत्यभामाबाईंना बसवत नव्हतं की पडवत नव्हतं. खाटेपासून दारापर्यंत त्या नुसत्या फेऱ्या घालत.

सोनाळ्याला तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई ती. शेवटी त्यांनी विचारलं, "गोळी घेता ना वो तुम्ही?"

"घेतो ना माय. पहिले कडूजहर लागे. आता गोड लागते."

दुपारी झुंबरबाईंच्या तळहातावरची गोळी उचलून त्यांनी जिभेला लावली. पित्तावरची, चघळायची गोळी होती ती.

औषधांच्या कपाटाची किल्ली सेविका दीपमाला हिच्या एकटीकडे असे. न दुखवता झुंबरबाईंची कूस बदलून देणारीही आश्रमात तीच एक. म्हणून उरलेला सारा दिवस सत्यभामाबाईंची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या औषधांच्या खोलीत शिरल्या. दीपमाला भिंतीला पाठ लावून बसली होती. हातात झुंबरबाईंच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"काय करून राह्यली तू?"

दीपमाला खोटं बोलली नाही. "कंबर, मावशी. चौदा जणाईले उचलतो मी. एक दिवस एक घेतली. आता घेतल्याबिगर उभंच राहता येत नाही. हे पाहा, हात कापून राह्यले."

"आन् तिकडं ते उशी चावून राह्यली!"

"माहीत आहे मले." ती रडायला लागली. "सांगू नका मावशी. सोडतो मी."

"तू सोडेपर्यंत तिनं काय करावं?"



सत्यभामाबाई तडक व्यवस्थापक भगवानरावांकडे गेल्या. ऐकता ऐकता ते उठून दार लावून आले. "बोभाटा नका करू बाई. आश्रमाचं नाव जाईन. तिले काढून टाकतो, झालं."

"नुसती काढू नका. तिले डॉक्टरले दाखवा, आजारी आहे ते. आन् गोळ्या आत्ता आणा. तुमी जाईपर्यंत मी इथंच उभी राहतो."

भगवानराव स्वतः गाडी काढून गेले. संध्याकाळपर्यंत झुंबरबाई शांत झोपल्या.

दीपमालाला मात्र त्याच दिवशी घरी पाठवलं. तिला डॉक्टरकडे नेलं का, हे सत्यभामाबाईंनी दोनदा विचारलं. भगवानराव दोन्ही वेळा "पाहू" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी विचारलं, "दीपमाला येत नाही काऊन? तिचा हात लय हलका होता."

"सुट्टीवर गेली," सत्यभामाबाई म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी झुंबरबाईंच्या खांद्याखाली हात घातला आणि स्वतःच त्यांची कूस बदलायला घेतली. पहिल्यांदा जमलं नाही.